कोंडवाड्यात गाडी जाण्याआधी: सुप्याच्या माळावरची स्प्रिंट रेस

दिलीपचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की याला नक्की काय हवंय? दिलीप माझा धाकटा भाऊ. राहायला नगरला सावेडीत, गॅरेज सुप्याला. मला वर्षातून दोनदा फोन करतो. एकदा भाऊबीजेला आणि एकदा माझ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, कारण पहिल्या दिवशी विसरतो. फेब्रुवारीतल्या बुधवारी, सकाळी दहा वाजता त्याचा फोन म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच.

"ताई, शनिवार-रविवार मोकळी आहेस का? मनालीची रेस आहे. स्प्रिंट वीकेंड आहे."

"मग मी काय करू?"

"घड्याळ लावायला विश्वासाचं माणूस पाहिजे. आणि तुझी नजर पाहिजे."

नजरेचं म्हणाला आणि मी विरघळले. मी नाशिकला मोटार विम्याची सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, मालक सांगतो ती कहाणी ऐकायची आणि तिच्यातलं खरं किती ते ठरवायचं, हे माझं बावीस वर्षांचं काम. "मॅडम, अचानक कुत्रं आडवं आलं" या वाक्यावर माझा काडीचाही विश्वास उरलेला नाही. एवढी कुत्री खरंच आडवी येत असती तर महाराष्ट्रात कुत्रं शिल्लक राहिलं नसतं. तेव्हा या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माझा स्वभाव ठाऊक आहे. नव्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की मी हॉटेलात गेले तरी आधी पाण्याच्या बाटलीचं सील बघते.

मनाली माझी भाची, दिलीपची मुलगी. वय बावीस. तीन वर्षं वडिलांनी बांधलेल्या जुन्या छोट्या गाडीवर मातीच्या ट्रॅकवर शर्यती करते आहे. या वेळी गोष्ट वेगळी होती. कोइंबतूरच्या एका मोठ्या टीमचे मॅनेजर शनिवारी येणार होते. त्यांच्याकडे पुढच्या हंगामासाठी एक जागा रिकामी होती आणि ते दोघांना बघणार होते, एक मनाली आणि दुसरा पुण्याच्या टीमचा मुलगा. बघणार ती फक्त शनिवारची स्प्रिंट. संध्याकाळी त्यांना पुण्याहून विमान होतं. दिलीपच्या गॅरेजला आणखी एक हंगाम झेपणारा नव्हता, म्हणजे ही जागा मिळाली तर मनालीचं रेसिंग पुढे चालू, नाहीतर तिथेच संपलं. आठ फेऱ्यांत काय तो निकाल लागणार होता.

शुक्रवारी सकाळी साडेआठला नाशिक सोडलं. सिन्नर, शिर्डी, राहाता, कोल्हार, राहुरी, नगर आणि पुढे पुणे रस्त्याने सुपा. शिर्डीपर्यंत रस्ता इतका गुळगुळीत, की मला संशय येऊ लागला. कोल्हारच्या पुढे तो खरा ठरला. खड्डे चुकवायला जावं तर समोरून उसाची ट्रॉली, आणि ट्रॉलीला मागे दिवा असेल अशी आशा धरू नका. ऊसतोडीच्या हंगामाचे दिवस होते. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर नागमोडी चालला की त्याच्या मागे मुकाट राहायचं, ओव्हरटेक करायचं नाही. असल्या ओव्हरटेकचे फोटो माझ्या कपाटात भरपूर आहेत. वेळ साडेपाच तास धरा. अंधार पडायच्या आत पोचा.

राहात्याला पेरू घ्यायला थांबले. या पट्ट्यात पेरू न घेता पुढे जाणं म्हणजे पाप. पण टोपलीत वरचे पेरू फारच सुंदर दिसत होते, म्हणून विचारलं, "खालचे पण असेच आहेत ना?"

विक्रेत्याने माझ्याकडे शांतपणे बघितलं. "मावशी, टोपली उलटी करू का?"

"करा."

त्याने खरंच केली. खालचे वरच्यांपेक्षा चांगले निघाले. दोन किलो घेतले आणि तरी गाडीत बसल्यावर एक कापून बघितला.

राहुरीच्या पुढे कृषी विद्यापीठाची हिरवी शेतं संपली की माळ सुरू होतो आणि नगर जवळ आल्याचं कळतं. शहरात न थांबता केडगावहून पुणे रस्त्याला लागले, कामरगावचा घाट उतरून दोनच्या सुमारास सुप्याला. एमआयडीसीची शिफ्ट सुटायची वेळ होती, कंपन्यांच्या बसेसची रांग लागली होती. दिलीपचं गॅरेज हमरस्त्यापासून थोडं आत आहे. शटर अर्धं खाली. दिवसाढवळ्या गॅरेजचं शटर अर्धं खाली असलं की मी काय समजते ते सांगायला नको.

आत गेले तर चारही चाकं कुणाला दिसू नयेत म्हणून गोणपाटात गुंडाळलेली. पुढच्या फळ्यावर खडूने टायरच्या हवेचे आकडे लिहिलेले.

"हे आकडे खरे?" मी विचारलं.

"छे!" दिलीप हसला. "ते बाहेरच्यांसाठी. खरे रफिकभाईंच्या डोक्यात."

रेसिंगमधला हा रिवाज मला फार आवडला. प्रत्येक टीमचा एक फळा असतो, त्यावर सगळे खोटं लिहितात, सगळ्यांना माहीत असतं की सगळे खोटं लिहितात, आणि तरी प्रत्येक जण दुसऱ्याचा फळा वाचून जातो. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

रफिकभाई साठीच्या जवळचे. नगरचे. अठरा वर्षं दिलीपकडे आहेत. गाडीचं सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगा, शॉकअब्सॉर्बर आणि खालचा सगळा सांगाडा, हे त्यांचं राज्य. मला बघून सलामाला कपाळाशी हात नेऊन म्हणाले, "या ताई. बरं झालं आल्या. आता चूक व्हनार न्हाई."

स्प्रिंट वीकेंडची गंमत त्यांनीच समजावली. साध्या रेसला सरावाची तीन सत्रं असतात. गाडी चालवा, बघा, स्प्रिंग बदला, पुन्हा चालवा. स्प्रिंटला सराव एकच, तोही अर्धा तास. त्यानंतर वीस मिनिटांत गाडी शेवटची बसवायची आणि तपासनिसांच्या ताब्यात द्यायची. ते बोल्टांवर पिवळा रंग मारतात, तारेचं सील लावतात. मग स्प्रिंट होईपर्यंत कुणी पान्याला हात लावायचा नाही. लावलात तर सगळ्यांच्या मागून सुरुवात. गाड्या ठेवायची ती बांबू आणि हिरव्या जाळीने बंद केलेली जागा, तिला कागदोपत्री फ्रेंच नाव आहे. माळावर सगळे तिला कोंडवाडा म्हणतात.

म्हणून खरी रेस गॅरेजातच होते. शुक्रवारी दुपारभर मी तेच बघितलं. दिलीप आणि रफिकभाई मागच्या रेसच्या वह्या काढून कुठल्या मातीला कुठली स्प्रिंग चालली ते चाळत होते. पुढचं चाक ज्यावर बसतं ते सगळं जुळवून आधीच एका पेटीत तयार ठेवलं होतं, कारण स्प्रिंटमध्ये गाडी ठोकली तर रविवारच्या मोठ्या रेसआधी सुटे भाग जोडत बसायला वेळ नसतो. चाक उतरवून पेटीतलं सगळं चढवायची तालीम झाली. मी घड्याळ लावलं. पहिल्यांदा सतरा मिनिटं, चौथ्यांदा अकरा. मनाली डोळे मिटून सीटवर बसून पट्टे काढायचा आणि लावायचा सराव करत होती. तिला मी लहानपणापासून बघते आहे. मोठ्यांसमोर कधी आवाज चढवला नाही पोरीने. आमच्या घरात याचं कौतुक आहे.

संध्याकाळी पाचला ट्रॅक बघायला गेलो. सुप्यापासून पारनेरच्या बाजूला सहा-सात किलोमीटर, खाजगी माळरान आहे. तिथे मुरूम दाबून सव्वा किलोमीटरचा वळणावळणाचा ट्रॅक केलेला. सगळ्या टीमा पायी फिरत होत्या आणि सगळे सगळ्यांकडे तिरप्या नजरेने बघत होते. रफिकभाईंनी एका वळणावर बसून मूठभर माती घेतली, तिच्यावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि दोन बोटांनी चोळली.

"सकाळी ही फरशीवानी कडक लागंल," ते म्हणाले. "पन पानी पडलं की लोनी. लई बेरकी माती हाय."

शनिवारी सकाळी सहाला सावेडीतून निघालो. रात्री दिलीपच्या फ्लॅटवर होते. राहायचं असेल तर सावेडीत बरी लॉजेस आहेत, हजार-बाराशेत खोली मिळते. सुप्यातही आहेत, पण ती कंपन्यांत येणाऱ्यांनी आधीच धरलेली असतात. माळावर जाताना डोक्याला रुमाल, डोळ्यांना बंद गॉगल आणि स्वतःचं पाणी न्या. बायकांसाठी स्वच्छतागृह आहे असं आयोजक सांगतात. मी जाऊन बघितलं. आहे, पण कडी नाही. मैत्रिणीला बरोबर न्या.

जेवणाची मात्र चैन. जवळच्या गावातल्या बचत गटाच्या बायकांनी चुली मांडल्या होत्या. बाजरीची भाकरी, शेंगोळी, ठेचा, कांदा, नव्वद रुपये. शेंगोळी खरंच हुलग्याच्या पिठाची आहे का, असं मी विचारलं. चुलीपुढची बाई भाकरी थापत म्हणाली, "खाऊन बघा आन् मग भांडा." खाल्ली. भांडायला जागा नव्हती.

साडेअकराला सराव सुरू झाला. बेत असा होता, की पहिली पंधरा मिनिटं मऊ स्प्रिंगा आणि कमी हवा, नंतर कडक स्प्रिंगा आणि जास्त हवा. मी घड्याळ घेऊन रेषेवर उभी. मऊवर मनालीची फेरी चांगली झाली. मग चार मिनिटांत स्प्रिंगा बदलल्या, कालची तालीम कामी आली, आणि कडकवर ती दीड सेकंदाने आणखी जलद. सव्वा किलोमीटरला दीड सेकंद म्हणजे खूप झालं. चौदा गाड्यांत तिसरी वेळ लागली. दिलीपने मला टाळी दिली.

आणि तेव्हाच मला रफिकभाई दिसले. पुण्याच्या टीमचा निळा तंबू होता, त्याच्या मागे पाण्याचा टँकर उभा होता, आणि टँकरच्या आडोशाला रफिकभाई त्या टीमच्या मेकॅनिकशी बोलत होते. हळू आवाजात. एकदा त्यांनी आमच्या गाडीकडे बोट केलं. मग हाताने काहीतरी उंची दाखवली. त्या माणसाने इकडेतिकडे बघत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू त्यांच्या हातात ठेवली आणि त्यांनी ती झटकन खिशात घातली.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली असं म्हणणं कमी होईल. पालींचं संमेलनच भरलं. इकडेतिकडे बघणारा माणूस आणि वर्तमानपत्राची पुडी, यातून निघालेले दावे मी आयुष्यभर नाकारत आले आहे.

सराव संपला. वीस मिनिटं होती. रफिकभाई घाईने आले आणि म्हणाले, "दिलीप, मऊ बसवू. दोन वाजता ट्रॅकवर पानी मारनारेत. चार टँकर."

"वेळापत्रकात तर नाही," दिलीप म्हणाला. "कुणी सांगितलं?"

"सोमनाथनी. त्या निळ्या तंबूतला. त्याचा चुलतभाऊ टँकरवर हाय. वाऱ्यानं धूळ कांद्यात जाती म्हनून शेतकऱ्यांनी तक्रार केली, तवा पानी मारायचं ठरलंय."

एवढं बोलून ते जॅक आणायला गेले. मी दिलीपचा दंड धरून त्याला टेम्पोच्या आड नेलं आणि बघितलं ते सगळं सांगितलं. बोट दाखवणं, उंची, पुडी.

"अगं, रफिकभाई?" दिलीप म्हणाला. "अठरा वर्षं..."

"अठरा वर्षं म्हणूनच कुणी संशय घेत नाही. दिलीप, साधा विचार कर. ज्यांचा मुलगा त्याच जागेसाठी शर्यत करतोय ते आपल्याला खरं का सांगतील? आपण मऊ बसवावं आणि कोरड्या ट्रॅकवर मार खावा म्हणूनच ना? आणि घड्याळ माझ्या हातात होतं. दीड सेकंद."

दिलीपने कपाळावरचा घाम पुसला. तीन पावलांवर मनाली बुटाची नाडी बांधत होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"मनू, तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग खाली. "तुम्ही ठरवा."

कडक बसवलं. रफिकभाई जॅक घेऊन आले तेव्हा दिलीप त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "कडकच राहू दे, रफिकभाई." त्यांनी जॅक खाली ठेवला. हवा भरायचं काम दिलीपने स्वतः केलं, रोज ते रफिकभाईंचं काम असतं. बारा वाजून वीस मिनिटांनी गाडी कोंडवाड्यात गेली. तपासनिसाने बोल्टांवर पिवळे पट्टे मारले, तार ओवली, शिसं दाबलं. मी जाळीबाहेर उभी राहून प्रत्येक सील नीट बसलंय का ते बघत होते. मला मी फार शहाणी वाटत होते.

दोन वाजता चार टँकर आले.

पहिला टँकर ट्रॅकवर पाणी सोडत निघाला तेव्हा मी घड्याळ बघितलं, उगाचच. दुसरा त्याच्या मागे. काळपट तांबडी माती चमकायला लागली. दिलीप माझ्याकडे वळला नाही, आणि ते बरंच झालं. आयोजकांनी भोंग्यावरून सांगितलं, की धुळीमुळे पाणी मारतोय, सगळ्यांनी सांभाळून चालवावं. जाळीच्या आत आमची गाडी कडक स्प्रिंगांवर आणि दगडासारख्या टायरांवर उभी होती आणि तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. निळ्या तंबूतल्या गाडीला मऊ स्प्रिंगा होत्या. त्यांनी आम्हाला जे सांगितलं तेच स्वतः केलं होतं.

तीनला स्प्रिंट सुरू झाली. पहिल्याच वळणावर मनालीची गाडी सरळ गेली. म्हणजे तिने स्टिअरिंग वळवलं, चाकं वळली, गाडी वळली नाही. दोन गाड्या आतून निघून गेल्या. पुढच्या तीन फेऱ्यांत आणखी पाच. मी रेषेवर उभी राहून घड्याळ दाबत होते आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा वाईट येत होता. पाचव्या फेरीला ट्रॅकची एक बाजू वाळायला लागली तशी तिने ती पट्टी शोधली, एक जागा परत मिळवली, पण उशीर झाला होता. नववी आली. पुण्याचा मुलगा दुसरा आला.

कोइंबतूरचे मॅनेजर छत्री घेऊन दुसऱ्या वळणाजवळ उभे होते. सगळे त्यांना सर म्हणत होते. शर्यतीनंतर ते मनालीजवळ आले, मिनिटभर काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, त्यांनी मान हलवली आणि ते निळ्या तंबूकडे गेले. काय विचारलं ते तिने सांगितलं नाही. हेल्मेट मांडीवर घेऊन टेम्पोत बसून राहिली. मी पाण्याची बाटली दिली, तिने घेतली, "थँक यू आत्या" म्हणाली. त्या पोरीने मला त्या वेळी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी सीलं काढली. स्प्रिंटनंतर गाडीला पुन्हा हात लावता येतो. रफिकभाई सातलाच आले होते. गाडीखाली झोपून त्यांनी पुढच्या चाकाचा एक सांधा काढला, खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि तिच्यातला नवाकोरा सांधा बसवायला घेतला.

मी वाकून बघितलं.

"हा कुठला?" मी विचारलं.

"सोमनाथचा. आपल्याकडं स्पेअर हाय, पन त्याचे आटे गेल्यात. काल सरावात स्प्रिंगा बदलताना हितला जुना ढिला लागला. म्हनलं स्प्रिंट कशीबशी निघंल, रविवार न्हाई निघायचा. पोरगं माझ्या हाताखाली शिकलंय, न्हाई म्हनला न्हाई. मालकाला कळू नये म्हनून जरा लपवून दिला बिचाऱ्यानं. किती उंचीचा लागतो त्ये त्याला हातानं दावलं."

मी मातीतच त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. मीच दिलीपला सांगितलं, मीच कडक बसवायला लावलं, तुम्ही पैसे घेतले असं मला वाटलं. एका दमात सांगितलं, नाहीतर सांगता आलं नसतं.

त्यांनी पाना खाली ठेवला.

"ताई, संशय घ्या. तुमचं कामच हाय त्ये," ते म्हणाले. "पन मला इचारायचं हुतं. मी तिथंच हुतो, धा पावलांवर."

"चुकलं माझं."

"रातभर मला वाटत हुतं, दिलीपचाच भरवसा उडाला." त्यांनी पाना पुन्हा उचलला. "सरका जरा, उजेड आडतोय."

त्या दिवशी मुख्य रेसमध्ये, पाणी मारलेल्या ट्रॅकवर, मनाली तिसरी आली. मऊ स्प्रिंगांवर, रफिकभाईंनी भरलेल्या हवेवर. लोकांनी शिट्ट्या मारल्या, आयोजकांनी कप दिला, दिलीपने रफिकभाईंना मिठी मारली आणि माझ्याकडे बघून एकदा हसला, कसनुसं. निकाल बघायला कोइंबतूरचं कुणी नव्हतं.

दुपारी परत निघाले. सुपा ते नाशिक सहा तास लागले, राहुरीजवळ एक ट्रॉली उलटली होती आणि रस्त्यावर उसाच्या मोळ्या पसरल्या होत्या. लोक मोळ्या बाजूला करत होते. एरवी मी उतरून चौकशी केली असती, फोटो काढले असते. त्या दिवशी गाडीतच बसून राहिले.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी ते केलं जे मला येतं. अहवाल लिहिला. घटना, वेळ, ठिकाण, नुकसान, कारण. चालकाची चूक नाही. मेकॅनिकचा अंदाज बरोबर होता. गाडीची रचना चालकाच्या आत्याच्या सांगण्यावरून बदलली गेली, तिच्याकडे पुरावा नव्हता. खाली सही केली, माझं खरं पद लिहिलं आणि दिलीपकडून पत्ता घेऊन कोइंबतूरला मेल पाठवला. एवढा स्वच्छ कागद बघून कुणाचंही मन वळेल, असं मला वाटलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. सभ्य, छोटं. जागा भरली होती. गाडी चुकीची बसवली आहे हे त्यांना पहिल्या वळणालाच कळलं होतं, त्याचा दोष ते मुलीला देत नव्हते. पण शर्यतीनंतर त्यांनी तिला विचारलं होतं, की तुला हीच गाडी हवी होती का? ती म्हणाली, टीमने ठरवलं. त्यांनी लिहिलं होतं, की स्प्रिंटमध्ये वीस मिनिटं मिळतात, आणि त्या वीस मिनिटांत आपल्याला काय हवंय ते सांगणारा ड्रायव्हर त्यांना लागतो. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते.

तो मेल मी दोन दिवस कुणालाच दाखवला नाही. मग मनालीला फोन केला आणि वाचून दाखवला.

"तुला सरावात काय वाटलं होतं?" मी विचारलं.

"मऊच पाहिजे असं वाटलं होतं. कडकवर वेळ चांगली आली, पण गाडी वळताना घाबरत होती. रफिककाकांनी पाण्याचं सांगितलं तेव्हा तर मला खात्रीच होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलत होतीस ना."

सुप्याला जायचा रस्ता, शेंगोळी, कोंडवाडा, टायरवरची गोणपाटं, हे सगळं बघण्यासारखं आहे, जरूर जा. पण माझ्यापाशी राहिलं ते हे. मी आयुष्यभर खोटं बोलणाऱ्यांना पकडत आले, आणि खरं माहीत असून गप्प बसलेली माझ्या शेजारी उभी होती, तिला बोलायला मी जागाच ठेवली नव्हती.

"आत्या," ती म्हणाली.

"बोल."

"बाबा कसंही करून एप्रिलमधली एक रेस करू म्हणतायत. रफिककाका पण तयार आहेत." ती थांबली. "तू येऊ नकोस."

पुढे ती काहीतरी जोडेल म्हणून मी वाट बघितली. सॉरी, किंवा गैरसमज करून घेऊ नकोस, किंवा नंतर भेटू. तिने काही जोडलं नाही. मला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी वाटलं, की पोरगी बोलली. माझ्यासमोर, मला, तोंडावर.

"बरं," मी म्हटलं. "नाही येत."